सही करण्याआधी दोर कोण धरणार ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात रॉक क्लाइंबिंगच्या बेसिक कोर्सचे फॉर्म निघतात. मागच्या वर्षी माझ्या पोरीनं हा कोर्स केला, तेव्हा ती बीएस्सी सेकंड इयरला होती, आणि तेव्हापासून गावातले तीन-चार जण तरी घरी येऊन विचारून गेले की भाऊ, पाठवू का पोट्ट्याले, पडलाबिडला त? प्रत्येकाला ओट्यावर बसून सांगतोच, पण बाकीच्या गावांतल्या मायबापांनाही हेच प्रश्न पडत असतील म्हणून हे पत्र. मी काही चढणारा माणूस नाही, कास्तकार आहे, पण शेवटचे दोन दिवस वावरातली कामं सोडून त्या कातळाखाली जाऊन बसलो होतो आणि जे दिसलं ते सांगतो.

आधी फॉर्मचं. एक पानाचा कागद, त्यात नाव, रोल नंबर, ब्लड ग्रुप आणि खाली ठळक अक्षरात की काही झालं तर कॉलेज जबाबदार राहणार नाही, पालकाची सही. शिकवणार कोण, किती उंच चढवणार, दवाखाना किती लांब, यातलं एक अक्षर नव्हतं. माझी माय म्हणे, कशाले पाठवतं पोरीले दगडावर. मी आठ दिवस सही केली नाही आणि पोरगी आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आता कोर्समध्ये होतं काय. पहिले तीन दिवस कोणी डोंगर बघतही नाही, सगळं कॉलेजच्या ग्राउंडवर. हार्नेस म्हणजे कंबरेला आणि दोन्ही मांड्यांना बसणारा पट्टा, तो कसा घालायचा, हेल्मेट किती घट्ट पाहिजे, आणि गाठी. आठाच्या आकड्यासारखी एक गाठ असते, फिगर ऑफ एट म्हणतात, ती पोरांकडून शंभर वेळा बांधून घेतात, डोळे मिटून सुद्धा. आमची पोरगी रात्री खाटेच्या नवारीला त्या गाठी मारत बसायची. ज्या पोरांना वाटलं होतं की पहिल्याच दिवशी लटकायला मिळेल ती इथं कंटाळतात, एक-दोघं तर येणंच बंद करतात, पण मायबापांनी पोरांना आधीच सांगावं की हे तीन दिवसच खरा कोर्स आहे.

कारण चढण्यापेक्षा मोठी गोष्ट त्यात शिकवतात ती म्हणजे बिले. चढणाऱ्याच्या कंबरेला बांधलेला दोर वर पक्क्या अँकरमधून, म्हणजे दोर अडकवायच्या आधारातून, फिरून खाली येतो आणि खाली दुसरं पोरगं तो धरून उभं असतं, त्याला बिलेयर म्हणतात. वरचा जसा चढेल तसा हा ढिला झालेला दोर ओढून घेतो, आणि वरच्याचा पाय सुटला की दोर तिथंच अडवतो, त्यामुळे वरचा थोडासा खाली येऊन लटकतो, धाडकन जमिनीवर येत नाही. मला पहिले हे पटेचना की माझी पन्नास किलोची पोरगी सत्तर किलोच्या पोराला कशी थोपवणार. मग तिनंच समजावलं. बिथरलेला गोऱ्हा धरताना कासरा नुसता हातात ठेवला तर तळहाताची सालं निघतात, पण तोच कासरा बाभळीच्या खोडाला दोन वेढे देऊन धरला तर एकटा माणूस त्याला अडवतो की नाही, तसंच बिलेयरच्या पट्ट्याला एक छोटं अवजार अडकवलेलं असतं, बिले डिव्हाइस म्हणतात, त्यात दोर वाकतो, घासतो आणि बराचसा भार तिथंच खाल्ला जातो. फक्त दोराच्या खालच्या टोकाकडचा हात कधीच सोडायचा नाही. माशी बसली, घाम आला, कोणी हाक मारली, तरी नाही.

मी तिला म्हटलं होतं की आपला विहिरीचा नवा नायलॉनचा नाडा देतो, दोन बैलांनी ओढला तरी तुटणार नाही. तो चालत नाही. चढायचा दोर आतून वेगळा असतो, मधे धाग्यांचा गाभा आणि वरून विणलेलं कव्हर, आणि तो ताणतो, म्हणजे पडणाऱ्याच्या कंबरेला झटका कमी बसतो. त्याच्यावर पाय दिला की इन्स्ट्रक्टर ओरडतात, कारण मातीचे कण आत गेले की आतून धागे कापतात. कॅराबिनर नावाची कडी असते, तिच्यावर केएन म्हणजे किलोन्यूटन, भार मोजायचं माप, असं लिहिलेलं असतं, लांबीच्या दिशेनं कमीत कमी २० म्हणजे साधारण दोन टन भार, पण तीच कडी आडवी फिरली तर ताकद सातपर्यंत येऊ शकते. म्हणून चढायच्या आधी दोघांनी एकमेकांचं बक्कल, गाठ, कडीचं लॉक हात लावून बघायचं, दरवेळी.

चौथ्या दिवशी कातळ. चिखलदऱ्याच्या घाटाच्या अलीकडे आमच्याकडे जो काळा दगड आहे तो सगळा बेसॉल्ट, धरायला खाचा मिळतात पण काही ठिकाणी पोपडे सुटलेले असतात, ठोकून बघून मगच धरावं लागतं. सकाळी सहाला निघून ऊन चढायच्या आत आटपतात, आणि हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, पावसाळ्यात शेवाळ असतं आणि उन्हाळ्यात आपल्या इकडं तो दगड हाताला भाजतो. माझ्या पोरीचे पाय पहिल्या दहा फुटांतच लटलट कापत होते, बोटं आवळून आवळून कोपरापर्यंतचे हात दगडासारखे झाले आणि तिनं वरून ओरडून सांगितलं की मला खाली घ्या. घेतलं. कोणी हसलं नाही, हे मला फार आवडलं. दुसऱ्यांदा मॅडमनी सांगितलं की हातानं ओढू नको, हात सरळ ठेव, पायाकडे बघ, पायानं वर ढकल, आणि ती वरपर्यंत गेली. अंगात ताकद असलेली दोन पोरं तिच्या आधी थकून खाली आली होती. मी खाली बसून रडलो, हे लिहायला मला लाज नाही.

ज्यांना कोर्सला पाठवायचं आहे त्यांनी मात्र आधी कॉलेजात जाऊन तोंडानं विचारावं. शिकवणाऱ्यानं स्वतः कुठं ट्रेनिंग घेतलं आहे, सोबत बाई इन्स्ट्रक्टर आहे का, मुलींच्या बाथरूमची सोय काय, वरचे अँकर दोन वेगवेगळ्या जागी लावतात का, रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, दुसरा सेफ्टी दोर असतो का, फॉरेस्टची परवानगी लागते तिथं काढली आहे का. आणि कातळावर आग्या मोहोळ आहे का हे आदल्या दिवशी कोणी जाऊन बघतं का, हे तर विचाराच, दोरावर अर्ध्यात असताना मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते. तिथं बिडी, धूर, सेंट काही नको. पोरींच्या अंगठ्या, बांगड्या, ओढणी घरीच, केस बांधलेले.

काही कॅम्पमध्ये नुसतं दोरानं खाली उतरवतात आणि त्यालाच क्लाइंबिंग म्हणतात, ते वेगळं. आणि कॉलेजचं सर्टिफिकेट मिळालं म्हणून चार मित्रांनी दोर विकत आणून गावामागच्या टेकडीवर जाऊ नये. पुढं शिकायचं तर उत्तरकाशीला १९६५ पासून नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग आहे, तिथला बेसिक कोर्सच २८ दिवसांचा असतो. आपल्या पोरांना हे जमत नाही असं कोणी म्हणू नये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी पोरं मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आली, पण त्यांच्यामागं कितीतरी महिन्यांचं ट्रेनिंग होतं.

माझी कॉलेजांना हात जोडून विनंती आहे की फॉर्म देण्याआधी पालकांची एक मीटिंग घ्या, दोर-कड्या आम्हाला दाखवा, हातात द्या, आणि जबाबदार नाही या वाक्याच्या वर जबाबदार कोण आहे ते नाव-फोनसकट लिहा.

यंदा लहान पोरगा फॉर्म घेऊन आला आहे. सोमवारी बाजाराला जाताना आधी कॉलेजात थांबणार आहे, दोर कधी घेतला आणि किती वापरला याची वही ठेवतात म्हणे, ती बघायला मागतो. बघितली की सही करतो.

आपला,
एक कास्तकार पालक
जि. अमरावती