तात्यांच्या डोक्यातली गिरणी

सॅन डिएगो,
१४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप सौ. काकीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण बोलतोच. पण हे सांगायला घेतलं की तुझी धारेची वेळ होते, नाहीतर तात्या शेजारी येऊन बसतात आणि माझा धीर होत नाही. म्हणून कागदावर लिहितेय. आधी तू एकटीनं वाच. मग वाटलं तर तात्यांना वाचून दाखव, पण एका वेळी एकच पान. का ते पुढे कळेल.

परवा ११ तारखेला इथे माजी सैनिकांचा दिवस झाला. आमच्या विभागात शाळेच्या मुलांनी रंगवलेली कार्डं आली होती. माझ्याकडे डोक्याच्या सरावाला येणाऱ्या एकानं त्यातलं एक उचललं, बराच वेळ बघितलं आणि खिशात ठेवलं. त्याचं नाव सांगायची मला परवानगी नाही. अमेरिकेच्या मरीन सैन्यात होता, इराकला गेलेला. बंद दारं स्फोटकं लावून उडवायची, हे त्याचं काम. अशी किती दारं उडवली याचा त्यालाच हिशोब नाही. अंगावर एक जखम नाही, एकही गोळी लागली नाही. पण आता दुकानात गेला की काय आणायला आलो ते विसरतो आणि सामानाची ढकलगाडी तशीच सोडून बाहेर येतो. मुलं खेळताना ओरडली की त्याचा तोल जातो. बायको म्हणते, हा माझा नवरा नाही, दुसराच कोणीतरी परत आलाय. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, नेमकं काय होतं? तो म्हणाला, डोक्यात एक यंत्र चालू असतं आणि त्याचं बटण मला सापडत नाही.

काकी, माझ्या हातातलं पेन थांबलं. तात्या ओसरीवर कपाळ दाबून बसायचे आणि म्हणायचे, "डोस्क्यात गिरणी चालू हाय गं पोरी," ते माझ्या कानात जसंच्या तसं आलं. हजारो मैलांवरचा हा माणूस तेच सांगत होता.

तात्या राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना काश्मिरात गाडीखाली सुरुंग फुटला. सगळ्यांनी देवाला नारळ फोडले, कारण कानाचा पडदा फाटला तेवढाच, बाकी साधं खरचटलंही नव्हतं. मग पेन्शनवर घरी आले. गाव काय बोलायचं ते तुला मी काय सांगू? मिल्ट्रीतनं येडा होऊन आला. ताठा आलाय. पीत असणार. आणि तू सगळ्यांना एकच उत्तर द्यायचीस, "स्वभाव बदललाय त्यांचा." मला आता वाटतं की बदलला तो स्वभाव नव्हे. मार लागला होता, आणि तो कोणाला दिसला नाही.

मी इथे शिकले ते सोपं करून सांगते. मेंदू कवटीच्या आत पाण्यात असतो. स्फोट झाला की हवेचा दाब लाटेसारखा अंगावर येतो, डोकं हिसकलं जातं आणि आतले लांबच लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. ते इतके बारीक असतात की सीटी स्कॅन बऱ्याचदा साफ येतो. बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आतली असेल तर डॉक्टर त्या दुखापतीला 'सौम्य' म्हणतात. या शब्दानं फार घात केलाय. सौम्य मार लागलेले बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात, हे खरं. पण काहींचं डोकं दुखणं, झोप न लागणं, विसरणं, एकदम भडकणं वर्षानुवर्षं राहतं. त्यात लढाईच्या आठवणी आणि उदासी मिसळली की कशामुळे काय होतंय हे सोडवणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

आणि न दिसणारा मार मोजायला सगळीकडेच उशीर होतो. जानेवारी २०२० मध्ये इराणनं इराकमधल्या अल-असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली, तेव्हा पहिल्यांदा जाहीर झालं की एकही अमेरिकन सैनिक जखमी नाही. मग एकेक जण डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही म्हणत पुढे आला, आणि आकडा शंभराच्या वर गेला. आपल्या अपशिंग्याला पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची आठवण आहे, दगडावर कोरलेली. त्याच युद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांचा धक्का, हा शब्द वैद्यकाच्या मासिकात पहिल्यांदा लिहिला. तोफांच्या आवाजातून साताऱ्याकडे परत आलेल्यांतले किती जण असे ओसरीवर कपाळ दाबून बसले असतील, असं माझ्या सारखं मनात येतं.

आता माझ्या कामाचं. तू मागे विचारलं होतंस, "ते चुंबक डोक्याला लावतात म्हणे, म्हणजे शॉक देतात का?" शॉक नाही, काकी. शॉकच्या उपचारात भूल देतात आणि मुद्दाम फिट आणतात. यात माणूस खुर्चीत जागा बसलेला असतो, माझ्याशी बोलत असतो. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एक तारेची गुंडाळी डोक्याला टेकवतात. तिच्यातून क्षणभर जोराची वीज सोडली की चुंबकीय झटका तयार होतो, तो कवटीतून आत जातो आणि तिथल्या पेशींत अगदी थोडी वीज जागी करतो. १९८५ मध्ये इंग्लंडात शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. टीएमएस म्हणतात त्याला.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचा अंगठा शोधतात. म्हणजे डोक्याच्या डाव्या बाजूला कुठे आणि किती जोराचा झटका दिला की उजव्या हाताचा अंगठा उडतो ते बघतात, आणि त्यावरून त्याचं माप ठरवतात. शिकताना मी स्वतःवर करून घेतलं. टक् असा आवाज झाला आणि माझा अंगठा माझ्या हुकमाशिवाय उडाला. अंगावर काटा आला. मग गुंडाळी कपाळाच्या डाव्या बाजूला सरकवतात आणि टकटक सुरू होते, पत्र्यावर गारा पडल्यासारखी. कानात बोळे घालावे लागतात. आधी एका बैठकीला ३७ मिनिटं लागायची. २०१८ मध्ये कॅनडातल्या ४१४ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की झटके वेगळ्या तालात दिले तर तीन मिनिटांतही उदासीवर तेवढाच गुण येतो. आठवड्यात पाच दिवस, असे साधारण सहा आठवडे. डोक्यात धातूचा तुकडा असेल तर हे करत नाहीत, आणि आधी कधी फिट आली असेल तर फार जपून ठरवतात.

पण तुला खोटी आशा लावणार नाही. औषधानं न हटणाऱ्या उदासीसाठी या उपचाराला इथे २००८ मध्ये मान्यता मिळाली. डोक्याच्या मारानंतरच्या विसराळूपणासाठी अशी मान्यता नाही, ते अजून अभ्यासाच्या पातळीवर आहे. त्यातलीच एक कल्पना अशी की चुंबकाच्या बैठकीला लागूनच डोक्याचा सराव द्यायचा. मी त्या सरावाच्या बाजूची. हे तात्यांना समजावताना 'वाफसा' म्हणून सांग, त्यांना पटकन कळेल. पाऊस झाल्यावर जमीन वाफशावर येते, तेवढ्या दोन-चार दिवसांत पेरलं तर उगवतं. चुंबकानं मेंदू थोडा वेळ वाफशावर येतो असा अंदाज आहे. तो खरा ठरला तरी पेरावं लागणारच, नुसत्या वाफशानं पीक येत नाही.

एक अभ्यास माझ्या मनातून जात नाही. इथल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांनी १६४ जणांवर केलेला, तोही २०१८ मध्ये छापून आला. सगळे औषधांना दाद न देणाऱ्या उदासीचे. निम्म्यांना खरं चुंबक, निम्म्यांना तसाच आवाज करणारं खोटं. खऱ्याच्या गटात शंभरातले ४१ उदासीतून बाहेर आले. खोट्याच्या गटात ३७. फरक नसल्यासारखाच. यावरून चुंबक कुचकामी असं मी म्हणत नाही, दुसऱ्या अभ्यासांत ते उपयोगी ठरलंय. पण ते ३७ जण बरे कशानं झाले? रोज घरातून बाहेर पडून यायचं, कोणीतरी दारात वाट बघत असायचं, रात्री झोप लागली का, जेवलास का, आज कसं वाटतंय, असं रोज विचारायचं. मला तरी यातच उत्तर दिसतं. आणि मग मला आपली ओसरी आठवते. तात्यांना असं कोणी कधी विचारलं, काकी? तू विचारलं असशील. बाकी आम्ही सगळे त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचो.

माझ्या सरावात जादू काही नाही. सॅन डिएगोच्याच एलिझाबेथ ट्वॉम्ली या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १२ आठवड्यांची एक पद्धत बसवली आहे, ती इथे बरीच वापरतात. गेलेली आठवण ओढून आणायच्या मागे न लागता, विसरलं तरी काम अडणार नाही अशा सवयी लावायच्या. कॉम्प्युटरपुढे एकट्याला बसवून खेळ दिले तर? तेही सॅन अँटोनियोच्या लष्करी हॉस्पिटलात १२६ सैनिकांवर करून बघितलं. ज्यांच्यासमोर शिकवणारा माणूस होता, त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या अडचणी जास्त कमी झाल्या. तेव्हा आपल्याकडे मशीन नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

घरी काय करता येईल ते लिहिते. एक वही, एकच, दोरी लावून खुंटीला टांगलेली. त्यात रोजची कामं तात्यांनी स्वतःच्या हातानं लिहायची, तू लिहून द्यायची नाहीत. सकाळी चहाबरोबर आणि रात्री जेवणाआधी ती उघडायची. चष्मा, मोटरीची किल्ली, गोळ्या, यांची जागा ठरलेली आणि घरात कोणीही ती हलवायची नाही. त्यांना काम सांगताना तीन गोष्टी एका दमात सांगू नकोस. एक सांग आणि "काय आणायचंय?" असं त्यांच्याच तोंडून परत वदवून घे. काम करताना ते पुटपुटले तर पोरांना हसू देऊ नका. "आता व्हॉल्व्ह फिरवतो, आता पाणी सोडतो" असं मोठ्यानं म्हणणं हे आम्ही इथे मुद्दाम शिकवतो. लग्नात बँजोच्या गाडीजवळ त्यांना बसवू नका, आणि ते उठून गेले तर मानापमान धरू नका. पत्र पान-पान वाचायला सांगितलं तेही एका दमात त्यांच्या डोक्याला फार होऊ नये म्हणूनच.

मी डॉक्टर नाही आणि इतक्या लांबून निदान कोणीच करू शकत नाही. म्हणून काळ्या ट्रंकेतले मेडिकल बोर्डाचे कागद काढ, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड घे आणि साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये दादाला बरोबर घेऊन जा. स्फोटाचं आधी सांगा, रागाचं नंतर. नाहीतर नुसती झोपेची गोळी लिहून देतील. पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. झोप, डोकेदुखी आणि कान हे तिन्ही नीट तपासले तरी बराच भार उतरतो. चुंबकाचं मशीन आता पुण्यातही आहे, पण कोणी 'स्मरणशक्ती परत आणून देतो' म्हणून आधी पैसे मागितले तर देऊ नका.

आता जे लिहायला इतके दिवस घेतले ते. दहावीनंतर माझ्या स्कॉलरशिपचा फॉर्म तात्या तालुक्याला घेऊन गेले होते, आठवतं? चहाच्या टपरीवर पिशवी राहिली, तारीख गेली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला माझी किंमतच नाही." दोन महिने बोलले नाही त्यांच्याशी. ते काही न बोलता खाली बघत राहिले होते. आता मला कळतं की ते फॉर्मचं विसरले तेव्हा त्यांनाही कळलं नव्हतं आपण का विसरलो. तो चेहरा मी इथे रोज बघते, प्रत्येक नव्या माणसाच्या तोंडावर. हे पान त्यांना नक्की वाचून दाखव, काकी. माझी चूक झाली असं सांग. मी आल्यावर पायाशी बसून सांगीनच, पण तोवर थांबवत नाही.

वहीतलं पहिलं काम मी देते. येत्या रविवारी सकाळी साडेसातला, इथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते, तात्यांनी मला फोन करायचा. मी करणार नाही. तू आठवण करून द्यायची नाहीस. वहीत त्यांच्या हातानं लिहिलं की पुरे. आठ वाजले तरी मी फोनजवळच आहे, नऊ वाजले तरी आहे.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
सायली