सोसायटीची पत्रं टाइप करायला चोरीचं सॉफ्टवेअर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्याला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधे राहते. गेल्या वर्षी सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि नोटिसा, थकबाकीची पत्रं, एनओसी, मीटिंगचे मिनिट्स सगळं माझ्या गळ्यात आलं. घरच्या लॅपटॉपमधे मायक्रोसॉफ्टचं वर्ड होतं पण ट्रायलचं, मुदत संपल्यावर फाइल वाचता यायची, टाइप काही होईना. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर म्हणाला दीड हजार द्या, फुल व्हर्जन टाकून देतो, बिल मात्र मिळणार नाही. बिल नाही म्हणजे माल चोरीचा, आणि सभासदांच्या पैशातून असलं काही घेणं मला पटेना, शिवाय अशा क्रॅकबरोबर, म्हणजे कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, व्हायरस घरात येतो तो वेगळाच.

मग भाचीने लिबरऑफिस टाकून दिलं. डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था ते 2010 पासून चालवते, पूर्ण फुकट आहे, ऑफिसच्या कामालाही वापरलं तरी चालतं आणि एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं. त्यातलं रायटर म्हणजे वर्डच्या जागी. नेट कायम असेल तर गूगल डॉक्स आहे, वर्डचंही ब्राउझरमधे चालणारं फुकट रूप आहे, नुसतं अकाउंट लागतं. हे आम्हाला कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण सॉफ्टवेअर मिळालं म्हणजे झालं असं नाही. वार्षिक सभेचा अहवाल करताना नवीन विषय नव्या पानावर यावा म्हणून मी एंटर एंटर दाबत खाली गेले, मग खजिनदारांनी वर दोन ओळी वाढवल्या आणि पुढची सगळी पानं सरकली, रात्री अकरापर्यंत तेच निस्तरत बसले. कंट्रोल धरून एकदाच एंटर दाबलं की नवीन पान सुरू होतं आणि वर कितीही वाढवा, ते नवीन पानावरच राहतं. हेडिंग ओळीच्या मधोमध आणायला स्पेस मारत बसू नये, कंट्रोल ई दाबावं. आणि हेडिंग नुसतं बोल्ड न करता स्टाइलमधून हेडिंग वन दिलं तर अनुक्रमणिका आपोआप बनते, मोठ्या अहवालात याचा फार उपयोग होतो.

मराठीचा घोळ वेगळा. आधीच्या सेक्रेटरींच्या पेनड्राइव्हमधल्या नोटिसा उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण त्या जुन्या फॉन्टमधे इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात, तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की झालं. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर आहे म्हणून ते मोबाइलवरही नीट दिसतं. विंडोजच्या सेटिंगमधे जाऊन मराठी भाषा घातली की कीबोर्ड मिळतो, विंडोज बटण आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं, पैसे लागत नाहीत. रायटरच्या ऑप्शन्समधे भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोर (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची जागा) मराठी निवडायला विसरू नका. मराठीचा फॉन्ट आणि साइज तिथे इंग्रजीपेक्षा वेगळे धरले जातात, मला हे कळायला आठवडा गेला.

आणखी एक, रायटर फाइल ओडीटी (.odt) या आपल्या प्रकारात सेव्ह करतं. बाकीचे वर्ड वापरत असतील तर सेव्ह अ‍ॅजमधे जाऊन वर्डचा .docx हा प्रकार निवडा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची असेल तर पीडीएफच करा, म्हणजे समोरच्याच्या मोबाइलवर काही हलत नाही.

आमच्या नोडमधल्या, म्हणजे सिडकोच्या या भागातल्या, वाचनालयांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती आहे की महिन्यातून एक रविवार दोन तास हेच शिकवायला ठेवावेत. बचत गटाच्या बायका आजही एका अर्जासाठी सायबर कॅफेत पानामागे पैसे मोजतात. आमच्या सोसायटीचं ऑफिस रविवारी सकाळी रिकामं असतं, जागा आणि एक लॅपटॉप मी देते, शिकवायलाही बसते.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई