आमचे आजोळ हरवलेले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल रविवारच्या पुरवणीत जुन्या टोपोशीटच्या, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांच्या, आधारे नाशिक जिल्ह्याचा भूतकाळ शोधण्याविषयी आपण जो अर्धपानी लेख प्रसिद्ध केला, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा कपाटावरची नकाशांची गुंडाळी खाली काढून, भिंग हातात घेऊन. पहिल्या वाचनात आनंद झाला, हे आधी नमूद करतो. तीस वर्षे भूगोल शिकवला, पण स्थलनिर्देशक नकाशा म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेची कटकट, यापलीकडे त्याची कोणी विचारपूस केल्याचे मला आठवत नाही. अशा विषयाला वर्तमानपत्रात अर्धे पान मिळावे, ही लहान गोष्ट नव्हे. १९६५ साली गंगापूर धरण पूर्ण होण्यापूर्वीचे आणि नंतरचे शीट शेजारी ठेवले की गोदावरीची अरुंद निळी रेघ एकदम पसरट होते आणि जुन्या शीटवरच्या पाऊलवाटा नव्या शीटवर पाण्यात शिरून थांबतात, हे लेखकाने छान टिपले आहे. तेवढ्या परिच्छेदाला मी वर्गात पैकीच्या पैकी गुण दिले असते.

दुसऱ्या वाचनात मात्र भिंग खाली ठेवावे लागले. लेखासोबत छापलेल्या नकाशाचा समास चारही बाजूंनी कापलेला आहे. शीटचा क्रमांक नाही, प्रमाण नाही, सर्वेक्षणाचे साल नाही आणि चिन्हांची सूचीही नाही. टोपोशीटच्या समासात जे असते, तेच नकाशा वाचण्याची किल्ली असते. ती काढून घेतल्यावर उरते ती केवळ वळणावळणांची नक्षी. खाली ‘ब्रिटिशकालीन नाशिकचा नकाशा’ असे मोघम लिहिले आहे. ब्रिटिशकाळ हे साल नव्हे. शीट छापल्याचे वर्ष वेगळे असते आणि सर्वेक्षकाने प्रत्यक्ष जमिनीवर फिरून मोजणी केल्याचे वर्ष वेगळे असते. दोहोंत पुष्कळ अंतर असू शकते आणि इतिहास शोधायचा असेल तर दुसरे वर्षच कामाचे असते. शिवाय आपले नाशिक एका शीटवर मावतच नाही. वीस अंश उत्तर अक्षवृत्त रामकुंडाच्या थोडे दक्षिणेकडून जाते आणि शीटची कड नेमकी त्याच रेषेवर येते. त्यामुळे रामकुंड, पंचवटी आणि वर दिंडोरीपर्यंतचा भाग ४६ एच/१६ या शीटवर, तर नाशिकरोड ४७ ई/१३ या शीटवर. दरवर्षी जूनमध्ये ही दोन शीट खळ लावून जोडायची आणि वर्गाच्या भिंतीवर टांगायची, हे काम मी इतकी वर्षे केले आहे की ती सांध्याची रेघ मला डोळे मिटूनही दिसते.

त्यातही नकाशा काळ्या-पांढऱ्या रंगात छापला आहे. टोपोशीटमध्ये वस्ती तांबडी, पाणी निळे, झाडी हिरवी, समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेघा) तपकिरी आणि पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे ओढे-नाले काळे, अशी वाटणी असते. ही वाटणी गेली की नाला कोणता आणि वाट कोणती, हे ओळखायला सराव लागतो. लेखात बाण काढून दाखवलेला ‘प्राचीन व्यापारी मार्ग’ हा, क्षमा करा, एक कोरडा नाला आहे. त्या रेघेला ओलांडताना प्रत्येक समोच्च रेषा पाचरीसारखी आत वळते आणि पाचरीचे टोक चढाकडे असते, हे आपल्या छपाईतही दिसते. पाणी वाहते त्या जागीच रेषा अशा वळतात. एखादा तांडा त्या नाल्यातून गेला नसेल असे मी म्हणणार नाही, पण पावसाळ्यात गेला असेल तर परत आला नसेल. त्याच पानाच्या खालच्या बाजूला मात्र बिनशेती प्लॉटची जाहिरात चार रंगांत छापली आहे आणि तिच्यातही नकाशा आहे. प्रमाण त्यालाही नाही. त्या नकाशात नाशिकरोड स्टेशन आणि विमानतळ यांच्यात बोटभर अंतर आहे. दोन नकाशांपैकी कोणता रंगीत छापायचा, याचा निर्णय आपण कसा घेता, हे जाणून घ्यायला आवडेल.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. लेखातील एका टेकडीची उंची २,४०० मीटर दिली आहे. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि आपल्या बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर. म्हणजे दिंडोरी तालुक्यात महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर इतकी वर्षे लपून बसले होते आणि ते कालच्या पुरवणीत सापडले. जुन्या, एका इंचाला एक मैल प्रमाणाच्या शीटवर उंची फुटांत असते. तेही समासातच लिहिलेले असते.

पण हे पत्र लिहायला मी बसलो, ते या चुकांसाठी नव्हे. लेखाच्या शेवटच्या भागात ‘नकाशावरून गायब झालेले गाव’ अशी चौकट आहे. जुन्या शीटवर गाव दिसते, मोबाईलवरच्या उपग्रहचित्रात त्या जागी शेत दिसते, म्हणून ते गाव काळाच्या उदरात गडप झाले, असा निष्कर्ष काढून लेखकाने त्यावर दोन हळव्या ओळीही लिहिल्या आहेत. ते गाव म्हणजे माझे आजोळ आहे. गावाचे नाव मी येथे पुन्हा लिहीत नाही, कारण आपण ते एकाच चौकटीत तीन प्रकारे छापले आहे आणि चौथा प्रकार माझ्याकडून व्हायला नको.

१९८५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी हेच शीट घेऊन आजोळी गेलो होतो. ओट्यावर नकाशा पसरून मी एकेक नाव मोठ्याने वाचत होतो आणि माझी आई ज्वारी निवडत ऐकत होती. तिला इंग्रजी सोडाच, मराठीही जेमतेम वाचता येई. इंग्रजी लिपीत ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर, ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर; पेठेला पेंट आणि चांदवडला चांदोर लिहिणाऱ्या साहेबाच्या कानावर आपण किती विसंबायचे? मी ‘पादली’ वाचले की ती सूप न थांबवता ‘पाडळी’ म्हणे. ‘वदनेर’ वाचले की ‘वडनेर रे, वडनेर’. अशी पंचवीस-तीस नावे तिने नीट करून दिली आणि ती मी पेन्सिलीने शीटवर लिहून ठेवली आहेत. मग आजोळच्या नावाशी आलो, तर ते शीटवर दोन ठिकाणी. एका ठिकाणी तांबडी वस्ती. दुसऱ्या ठिकाणी, अर्ध्या इंचापेक्षाही कमी अंतरावर, थोड्या वेगळ्या स्पेलिंगने तेच नाव आणि शेजारी देवळाची खूण. मी म्हणालो, ‘आई, इथे तर काहीच नाही, नुसते रान आहे.’ त्यावर ती म्हणाली, ‘काही नाही कोण म्हणतं? ती पांढरी आहे. गाव उठून माळावर आलं, देव तिथंच राहिला.’

पांढरी म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीची जागा. दुसऱ्या दिवशी आई मला तिकडे घेऊन गेली. भोवतालची सगळी जमीन काळी आणि मध्येच तो राखाडी, भुसभुशीत उंचवटा. पायाखाली खापरांचा खच आणि बांधाला फुटक्या जात्याचा अर्धा दगड लावलेला. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून नेल्यामुळे उंचवटा निम्मा झाला आहे, असे शेतमालक सांगत होता. ते सांगताना त्याला थोडा संकोच वाटत होता, कारण गाड्यांमध्ये त्याचीही एक गाडी होती. आईच्या आजोबांच्या काळी प्लेग आला, लोक माळावर झोपड्या घालून राहायला गेले, साथ सरली तरी पुष्कळ जण परतले नाहीत, पुढे विहिरीलाही माळावरच पाणी लागले आणि पाच-सहा वर्षांत सगळे गाव तेथे स्थिरावले, अशी हकिकत तिने देवळाच्या पायरीवर बसून सांगितली. १८९६ साली मुंबईत आलेली ती साथ पुढे आपल्याकडे पोचली, हे मी पुस्तकात वाचले होते. ती आपल्या आजोळच्या घराची जागा बदलून गेली, हे मला त्या दिवशी कळले. सर्वेक्षक आला तेव्हा लोक माळावर गेलेले होते आणि त्याने ते नीट नोंदवलेही आहे. टोपोशीटच्या सूचीत नांदत्या गावाची खूण वेगळी आणि ओसाड गावाची वेगळी असते. पांढरीवर त्याने ओसाड गावाची खूण केली आहे. ती सूची आपण समासासकट कापली, आणि उरलेला नकाशा काळा-पांढरा छापल्यामुळे नांदती वस्ती व ओसाडी सारखीच काळपट दिसू लागली.

लेखक महाशय त्या जागी गेले असते, निदान जवळच्या फाट्यावरच्या टपरीत चहा घेऊन चौकशी केली असती, तरी पंधरा मिनिटांत उलगडा झाला असता. मोबाईलवर दोन नकाशे एकावर एक ठेवून सरकवणे ही सोय मी हेटाळत नाही. माझा नातूही ते करून दाखवतो आणि मला त्यात गंमत वाटते. पण शीटवर नाव कोणाच्या कानाने उतरले आणि त्या नावाला आज गावात काय म्हणतात, हे पडद्यावर सरकवून कळत नाही. त्यासाठी एखादी म्हातारी ओट्यावर बसलेली असताना तिच्याजवळ जाऊन बसावे लागते. आई जाऊन आता अकरा वर्षे झाली. तिच्यासारखी जाणती माणसे दरवर्षी कमी होत आहेत आणि शीटही कमी होत आहेत. मध्यंतरी एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने जुनी शीट फाटली म्हणून रद्दीत काढली. त्यांपैकी सात मी रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने सोडवून आणली. एकावर तेलाचे डाग पडले होते. नवी शीट आता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतात आणि ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु धरणापूर्वीची नदी नव्या शीटवर सापडणार नाही, एवढे तरी विभागप्रमुखांना कळायला हवे होते.

आपण खुलासा छापाल, अशी अपेक्षा आहे. टेकडीची उंची दुरुस्त करावी, नाल्यावरचा बाण काढावा आणि गायब गावाची चौकट मागे घ्यावी. त्या चौकटीमुळे काल दुपारपर्यंत मला आजोळहून चार फोन आले आणि मामेभावाने तर, ‘दादा, आम्ही गडप झालो का हो?’ असे विचारले. चैत्रात आमच्या देवाची पालखी माळावरच्या गावातून निघते आणि वाजतगाजत पांढरीवरच्या देवळात जाते; गाव उठल्यापासून एकही वर्ष ती चुकली नाही, असे तेथील जुने लोक सांगतात. आपण लेखकांना आणि छायाचित्रकाराला त्या दिवशी जरूर पाठवावे. जेवणाची सोय गाव करील. शीट मी बरोबर आणीन, मात्र ते कार्यालयात नेऊ देता येणार नाही. देवळाच्या पायरीवर पसरून, समासासकट, तेथेच पाहावे लागेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, नाशिक