पट्टी सरकवणारी मुलगी

प्रिय मेघा,

सात महिने तुला पत्र नाही. तुझी दोन पत्रं टेबलावर तशीच आहेत, आणि दोन्हींत तू एका शब्दाने रागावलेली नाहीस, ते जास्त लागतं. तब्येत बरी आहे. पाठ अधूनमधून धरते, एवढंच.

आज लिहायला बसले ते आपल्या अपूर्णांकांच्या तासाच्या व्हिडिओ-फितीमुळे. तिसरा गट, खिडकीजवळचा. मागच्या आठवड्यात संशोधकांच्या प्रशिक्षणात मी ती दाखवली. आम्ही बारा जण. कोणीही 'थांबवा' म्हणावं, पण बोलायचं ते फितीत दिसतं त्याच्याच आधाराने. मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल, याचे तर्क नकोत. अडीच मिनिटांच्या तुकड्यावर दीड तास बसलो.

तो मुलगा म्हणतो ना, "आठ मोठा, म्हणून एक अष्टमांश मोठा"? मग अडखळतो आणि म्हणतो, "नाही नाही, एक षष्ठांश." आपण त्याला पूर्ण गुण दिले आणि शेजारच्या मुलीपुढे 'निष्क्रिय' लिहिलं. चौथ्यांदा फीत लावली तेव्हा एक अगदी नवखी संशोधक म्हणाली, "तिचा हात बघा." मेघा, ती मुलगी काही न बोलता आपली कागदाची पट्टी त्याच्या पट्टीला लावते. दोन बोटांनी, कडेला कड जुळवून. त्याची नजर खाली जाते आणि मगच तो "नाही नाही" म्हणतो! उत्तर त्याच्या तोंडून आलं, पण ते घडलं त्या दोघांत आणि त्या दोन पट्ट्यांत. आपण ते एकट्याच्या नावावर मांडलं.

त्या रात्री झोप लागली नाही. जे आधी माणसामाणसांत घडतं तेच पुढे माणसाच्या आत उतरतं, हे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्कीचं म्हणणं मी किती वर्गांत सांगितलं असेल! आणि तक्त्यात मात्र प्रत्येक मुलाला वेगळा रकाना. तू तेव्हाच म्हणाली होतीस, "नोंदी बरोबर आहेत गं, रकानेच चुकलेत." मी तुझ्यावर किती ओरडले होते. त्याच दिवशी 'स्कॅफोल्डिंग'ला, म्हणजे शिकणाऱ्याला दिलेल्या तात्पुरत्या आधाराला, मराठीत काय म्हणावं यावरूनही भांडलो. तो शब्द व्हिगोट्स्कीचा नाही, १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी वापरला, हे तुझं बरोबरच होतं. पण तुझ्या 'आधार-संरचने'पेक्षा माझी परांची शंभर पटींनी चांगली, यावर मी आजही ठाम आहे!

आता खरी काळजी सांगते. नव्या संशोधकांचं चार दिवसांचं प्रशिक्षण मला आखायचंय. वरून सांगणं असं की पहिल्या दिवशी पूर्वचाचणी, शेवटच्या दिवशी उत्तरचाचणी, मधे व्याख्यानं. म्हणजे शिकणं माणसामाणसांत घडतं हे सांगायचं आणि मोजायचं मात्र एकेकाचं डोकं. पुन्हा तेच रकाने. रशियन 'ओबुचेनिये' या शब्दात शिकणं आणि शिकवणं दोन्ही येतं. आपल्याकडे तर दोन्ही शब्द एकाच धातूचे, तरी आपण त्यांची ताटातूट करतो, हे तूच मला दाखवलंस.

मला मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्हने अभ्यासलेले लायबेरियातले शिंपी आठवत राहतात. शिकाऊ पोरं आधी गुंड्या लावतात, काठ दुमडतात, कापड कापणं सगळ्यात शेवटी. पण पहिल्या दिवसापासून पूर्ण कपडा डोळ्यांसमोर असतो. तसं नवख्यांना खऱ्या फितीवर बसवावं, पहिलं काम संभाषण उतरवून काढण्याचं द्यावं, असं मनात आलं. आणि लगेच पोटात गोळा आला. आपण दोघींनी अकरा महिने तेच केलं ना? विश्लेषणाच्या बैठकीला एकदाही बोलावलं नाही आपल्याला. लेव्ह आणि वेंगर यांच्या १९९१ च्या पुस्तकात मांस कापणाऱ्या शिकाऊंची गोष्ट आहे बघ. त्यांना पाकिटं बांधायच्या यंत्रावर असं बसवलं होतं की कसलेले कारागीर कसे कापतात हे तिथून दिसतच नव्हतं. ती वाचताना तू पुस्तक मिटून उठून गेली होतीस. का गेलीस ते मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायची गरज नाही.

म्हणून ठरवलंय की जो संभाषण उतरवेल तो बैठकीत बसेल, आणि 'थांबवा' म्हणायचा पहिला हक्क त्याचा. उत्तरचाचणीऐवजी तीच फीत पहिल्या आणि चौथ्या दिवशी लावायची आणि गटाला काय नव्याने दिसतं ते टिपायचं. हे मान्य होईल का, ठाऊक नाही. भांडावं लागेल, आणि भांडताना तू शेजारी असायचीस.

तुझ्या बदलीचं कळलं. आईंचे डोळे आता कसे आहेत? ओंकारला माझा पाठीत धपाटा आणि अभिनंदन, दोन्ही दे.

आणि ते जुने नोंदींचे कागद तुझ्याकडेच आहेत ना? तिसऱ्या गटाचं पान काढून ठेव. मी महिनाअखेरीस येते. त्या मुलीचा रकाना आपण दोघींनी मिळून खोडू, मला तो एकटीने खोडायचा नाही.

तुझीच,
सुनीता