उष्णतेचा इशारा जिल्ह्याच्या हवेप्रमाणे द्या : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : उष्णतेच्या इशाऱ्याचे निकष जिल्हानिहाय ठरवण्याबाबत.

महोदय,

माझं माहेर चंद्रपूर, सासर रत्नागिरी. दोन्हीकडचे उन्हाळे मी काढले आहेत, म्हणून हे पत्र.

हवामान खात्याचे निकष आपल्याला ठाऊक आहेतच. कमाल तापमान मैदानी भागात ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश किंवा त्यापुढे हवं, शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवं. तर ती उष्णतेची लाट. मैदानात पारा थेट ४५ वर गेला, तर सरासरी न बघताही लाट. आणि हे खात्यानं पाडलेल्या एका हवामान उपविभागातल्या किमान दोन हवामान केंद्रांवर सलग दोन दिवस दिसलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आपल्या राज्याच्या वाट्याला असे उपविभाग चारच येतात, त्यातलं कोकण गोव्याबरोबर जोडलेलं. पूर्वसूचना जिल्हावार मिळते हे खरं, पण तिचा पाया हेच आकडे आहेत.

आता चंद्रपूर घ्या. मे महिन्यात तिथे ४३-४४ अंश ही रोजची गोष्ट. त्यामुळे ४५ गाठेपर्यंत कागदावर लाट नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका याच दिवसांत. पहाटे जंगलात गेलेली बाई पानं तोडून, घरी आणून, पुडे बांधून संकलन केंद्रावर पोचते तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. तिला ४४ आणि ४५ मधल्या एका अंशाचं काय?

रत्नागिरीची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित. इथे पारा ३४-३५ वर थांबतो, म्हणून लाट नाही. पण चंद्रपुरात ज्या कूलरवर आमचा अख्खा उन्हाळा निघायचा, तो इथे लावला तर खोली नुसती दमट होते. शरीराचंही तसंच आहे. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि इथल्या हवेत तो वाळतच नाही. एप्रिलमधल्या दुपारी एखाद्या चिरेखाणीत, म्हणजे जांभा दगडाचे चिरे कापून काढतात त्या खाणीत, उतरून बघा. चारी बाजूंनी जांभ्याच्या भिंती, वाऱ्याची झुळूक नाही, कटरची लाल धूळ घामावर चिकटून मानेवर तिचा लेप बसलेला. शर्ट पिळावा इतका ओला. हवामान खातं अशा दिवसांसाठी ‘उष्ण व दमट’ असा यलो अलर्ट देतं, पण खाणीवरचं काम त्यानं एक तासही थांबत नाही.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उन्हामुळे १४ माणसं दगावली. त्या दिवशी परिसरात तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भात या आकड्याकडे कुणी वळूनही बघत नाही. दमट हवेत, डोक्यावर छप्पर नसताना, तासन् तास बसलेल्या माणसांना तो पुरेसा ठरला. त्यानंतर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असं सरकारनंच जाहीर केलं. पारा किती चढतो याची वाट न बघता घेतलेला तो निर्णय योग्य होता. मग तो फक्त कार्यक्रमांपुरता का? रोजगार हमीच्या कामांना, खाणींना, बांधकामांना का नाही?

निकष स्थानिक करता येतात, हे अहमदाबादनं दाखवलं आहे. २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या उष्म्यानंतर तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये स्वतःचा उष्णता कृती आराखडा आणला. शहरात किती अंशांपासून मृत्यू वाढतात हे तपासून त्यांनी इशाऱ्याचे टप्पे ठरवले. त्यासाठी देशभराचा निकष बदलायची गरज पडली नाही. हवामान खात्याचं मोजमाप खात्याकडे राहू द्या. कोणत्या आकड्याला आपण काय करायचं, हे राज्यानं ठरवावं.

माझी विनंती एवढीच आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या आणि जन्म-मृत्यू नोंदणीतल्या मागच्या दहा वर्षांच्या नोंदी तापमान आणि आर्द्रतेसोबत ठेवून प्रत्येक जिल्ह्याचा आकडा काढावा. रात्रीचं तापमानही त्यात धरावं, कारण पत्र्याच्या घरात रात्रभर अंग तापलेलं राहिलं की दुसऱ्या दिवसाचं ऊन जास्त बाधतं. मार्चमधल्या पहिल्या उष्म्याला वेगळा, खालचा टप्पा असावा; तेव्हा शरीराला सवय झालेली नसते. आणि तो आकडा गाठला की जिल्हाधिकाऱ्यांच्या वेगळ्या आदेशाची वाट न बघता कामाच्या वेळा बदलाव्यात, मजुरी न कापता.

पुढचा मार्च लागण्याआधी हा जिल्हावार तक्ता ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावा, ही अपेक्षा.

आपली विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक रहिवासी