गिल यांची छायाचित्रे लेण्यांपाशी लावावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश लष्करी अधिकारी व चित्रकार मेजर रॉबर्ट गिल यांचे नाव निघाले की चर्चा पारो या स्थानिक तरुणीशी त्यांच्या प्रेमाची कथा आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला यांपलीकडे सहसा जात नाही. 1844 साली या कामावर नेमलेल्या गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला डिसेंबर 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलांपैकीही पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मात्र गिल यांनी अजिंठा-वेरूळची छायाचित्रेही काढली होती, 1864 साली ती वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह दोन पुस्तकांतून प्रसिद्ध झाली आणि छापांच्या अनेक प्रती निघाल्यामुळेच ती वाचली, याचा उल्लेख क्वचितच होतो.

तेव्हाच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत कोलोडियन या चिकट द्रावाचा थर दिलेली काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ओली असतानाच चित्र घ्यावे आणि वाळण्याआधी ते रसायनाने उमटवावे लागे. अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या दरीतल्या उन्हात ही कसरत काय असेल! शिवाय हे रसायन लाल-पिवळ्या रंगांना फारशी दाद देत नसल्याने गेरूचे रंग त्यात काळवंडत. साधले ते उजेडातल्या दगडाचे चित्र: एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरचे नालाकृती गवाक्ष, खांबांवरील नक्षी, कोनाड्यांतील मूर्ती. एका पुस्तकात तर शंभर जोडचित्रे आहेत. ती स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिली की कोरीवकामाची खोली डोळ्यांना जाणवते. चित्रकाराच्या हातून नकळत होणारी दुरुस्ती येथे नाही. फुटका खांब फुटकाच दिसतो.

माझ्या मते या छायाचित्रांचे खरे मोल येथेच आहे. पुढील काळात अजिंठ्यातील काही तुटके खांब पुन्हा बांधले गेले आणि मूळ कोणते, नवे कोणते, हे सामान्य पर्यटकाला आज उमगत नाही. पारोची गोष्ट रंगवून सांगणाऱ्या मार्गदर्शकांनाही ते बहुधा विचारले जात नाही. ही छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्यांच्या प्रती मिळवून, जेथून कॅमेरा लावला असेल तेथेच, वर्ष व छायाचित्रकाराचे नाव देऊन मराठी फलकांवर लावाव्यात आणि जीर्णोद्धाराच्या प्रत्येक आराखड्याला त्या जोडणे बंधनकारक करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ