गुडघ्यांच्या प्रश्नांना पैसा कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली 14 वर्षे मला आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटे मिटत नाहीत, पोळ्यांची कणीक मळणे तर कधीच सुटले. तीन वर्षांपूर्वी नेहमीच्या गोळ्यांनी सूज आटोक्यात राहीना, तेव्हा महागड्या इंजेक्शनांचा विषय निघाला. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही दोघे घरी येईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट या माझ्या नेहमीच्या गोळीला सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांची जोड दिली. आज मी हे पत्र माझ्या हाताने लिहिते आहे.

हे एकत्र औषध चालते हे कळले कसे, याचा मी शोध घेतला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने पुढाकार घेऊन 353 रुग्णांवर चाचणी केली होती. 2013 मध्ये तिचा निष्कर्ष आला: या तीन गोळ्या महागड्या इंजेक्शनच्या उपचारापेक्षा कमी पडत नाहीत. अशी चाचणी कोणती औषध कंपनी करील? पेटंट कधीच संपलेल्या गोळ्या खपवून तिला काय मिळणार? ज्या प्रश्नाच्या उत्तरात कुणाचाच नफा नाही, तो सरकारी पैशाशिवाय सुटत नाही. माझे एवढेच म्हणणे आहे, आणि ते मी कळवळून मांडते आहे.

आपल्याकडे हे काम होऊ शकत नाही असे मुळीच नाही. आमच्याच तालुक्यातले भिगवण लोकांना उजनीच्या मासळीमुळे आणि रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक आहे. पण 1996 मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोपडा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत याच गावात घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. सुमारे 4 हजार प्रौढांत शंभरातल्या 18 जणांना हाडे, सांधे, स्नायूंचे दुखणे निघाले. आमवात साधारण दर दोनशे माणसांत एकाला होता. दुखणे म्हातारपणाचे म्हणून सोडून दिले जाते, ते किती घरांत आहे हे त्या पाहणीने मोजून दाखवले.

दुसरे उदाहरण गुडघ्याच्या झिजेचे. केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या पैशातून सुंठ, गुळवेल, सालई गुग्गुळ यांच्या औषधाची 440 रुग्णांवर शिस्तशीर चाचणी झाली. गुण आला, तसेच काही रुग्णांत यकृताच्या तपासणीतले आकडे वाढले आणि औषध थांबवल्यावर उतरले, हेही संशोधकांनी नोंदवले. कुणी सांगितले म्हणून गुळवेलीचा काढा पिणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ही दुसरी गोष्ट कुठलीही जाहिरात सांगणार नाही.

अशी कामे मात्र तुरळकच. अमेरिकेत संधिवात, स्नायू-अस्थी आणि त्वचारोगांसाठी 1986 पासून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. तिथेही 2025 मध्ये ती इतर संस्थांत विलीन करण्याचा प्रस्ताव आला, म्हणजे परक्यांच्या संशोधनावर आपण कायम विसंबून राहू शकत नाही. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इतक्या संस्थांत संधिवातासाठी एकही नाही. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे 99,859 कोटी रुपये होते, त्यातले आरोग्य संशोधन विभागाला सुमारे 3,900 कोटी. म्हणजे शंभरातले चार.

त्वचेचेही तेच. साध्या मलमाने जाणारा नायटा आता महिनोन्‌महिने हटत नाही, घरातली चारही माणसे खाजवत बसतात. औषधाला दाद न देणाऱ्या या बुरशीला 2020 मध्ये ‘इंडोटिनिए’ असे भारताची आठवण देणारे नाव मिळाले, तेही जपानी संशोधकांकडून.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे गुडघे चाळिशीतच का बोलू लागतात? दिवसभर उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या बाईला कोणता व्यायाम, कोणती विश्रांती उपयोगी पडेल? आशा सेविकेला बोटांची सूज तपासायला शिकवले, तर आमवात सांधे वाकडे होण्याआधी सापडेल का? याची उत्तरे इथल्याच शिवारात शोधावी लागतील. राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी दरवर्षी ठरावीक निधी बाजूला ठेवावा, आणि तो पाच-दहा वर्षे मोडू नये. आमवात एका आर्थिक वर्षात संपत नाही. भिगवणमध्ये पुन्हा घरोघरी जावे, त्या वेळच्या तरुण बाया आज पन्नाशीत आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. इंदापूर, जि. पुणे